२२ टक्के शेअर असलेल्या सहसंस्थापकाला कायदेशीर मार्गाने वेगळे करणे: एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात नोंदलेली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. ग्राहक मुख्यतः नाशिक जिल्ह्यातले: दिंडोरी, निफाड, पिंपळगाव पट्ट्यातली द्राक्षांची पॅकहाऊस आणि कोल्ड स्टोरेज. खोलीतले तापमान आणि मालाची आवक-जावक मोबाइलवर दाखवणारे सेन्सर आणि सॉफ्टवेअर हा धंदा. प्रकरण २०२२-२३ मधले. ओळख पटू नये म्हणून रकमा आणि काही तपशील बदलले आहेत.

भांडवल १० रुपये दर्शनी किमतीच्या १,००,००० शेअरचे. सीईओंकडे ३८,०००, सीटीओंकडे (तंत्रज्ञानप्रमुख) ३०,०००, विक्रीप्रमुखांकडे २२,०००. उरलेले १०,००० चार एंजल गुंतवणूकदारांकडे (सुरुवातीच्या टप्प्यात स्वतःचे पैसे घालणारे). त्यांनी शेअरमागे १,५०० रुपयांनी एकूण दीड कोटी घातले होते. संचालक मंडळावर फक्त तिघे संस्थापक.

कागद होते, पण अर्धवट. संस्थापकांच्या करारात चार वर्षांचे व्हेस्टिंग (शेअर टप्प्याटप्प्याने पक्के होणे) होते, पहिले बारा महिने काहीच पक्के नाही, पुढे दरमहा. कोणी सोडून गेले तर पक्के न झालेले शेअर बाकीच्या दोघांना दर्शनी किमतीला द्यायचे. फसवणूक, फौजदारी शिक्षा किंवा ‘लेखी नोटिशीनंतर ३० दिवसांतही न सुधारलेली जाणूनबुजून हयगय’ असेल तर पक्के झालेले शेअरही परत. शिवाय १० टक्क्यांहून जास्त शेअर असेपर्यंत प्रत्येक संस्थापकाला संचालकपदाचा हक्क. यातले एकही कलम कंपनीच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे नोंदवलेल्या नियमावलीत, उतरवलेले नव्हते. आर्टिकल्स नोंदणीच्या वेळचा छापील नमुनाच होता.

अडचण

वर्षाचे लक्ष्य ६० पॅकहाऊसचे, झाली ११. सीआरएममध्ये (ग्राहकांच्या नोंदीचे सॉफ्टवेअर) नोंदी नाहीत, वसुली नव्वद दिवसांच्या पुढे गेलेली, आणि दोन मोठ्या ग्राहकांना तोंडी दिलेल्या सवलती हिशेबात कुठेच नाहीत. विक्रीप्रमुख बैठकांना येत होते, फोन उचलत होते. काम सोडून गेले असे म्हणता येत नव्हते. त्यामुळे संचालक बारा महिने एकाही बैठकीला आला नाही तर पद आपोआप जाते, ही कलम १६७ मधली वाट बंद होती.

सीईओंनी तक्रारी केल्या होत्या, पण फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटमध्ये. लेखी नोटीस एकही नाही, आणि मंडळाच्या इतिवृत्तात विक्रीबद्दल ‘चर्चा झाली’ एवढेच.

शेवटी एका शुक्रवारी विक्रीप्रमुखांचा ईमेल बंद करून ग्रुपवर ‘आजपासून तुम्ही संचालक नाही’ असा संदेश टाकला गेला. त्यांच्या नावाने राजीनामा दाखवून डीआयआर-१२ (संचालक बदलल्याचा फॉर्म) भरा, असेही सीएसना (कंपनी सेक्रेटरी) सांगण्यात आले. सीएसनी साफ नकार दिला. या प्रकरणात कंपनीला सर्वांत मोठ्या नुकसानीतून वाचवले असेल तर त्या नकाराने. न दिलेला राजीनामा आरओसीकडे (कंपनी निबंधक) दाखल करणे म्हणजे कंपनी कायद्याच्या कलम ४४८ खाली खोटे निवेदन, आणि त्याची शिक्षा कलम ४४७ च्या फसवणुकीची. शिवाय समोरच्याने तक्रार केली की कंपनीच्या नोंदीवर व्यवस्थापन वादाचा शेरा पडू शकतो आणि पुढचे साधे फॉर्मही अडकतात.

ईमेल बंद केल्याचा फटका वेगळ्याच ठिकाणी बसला. जीएसटी पोर्टलवर अधिकृत सही विक्रीप्रमुखांची होती आणि डिजिटल सहीचे टोकन त्यांच्या खिशात. त्या महिन्याचे ३बी विवरणपत्र नऊ दिवस उशिरा गेले. दिवसाला ५० रुपयांप्रमाणे लेट फी ४५० रुपयेच लागली, पण थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज वेगळे. डोमेनची नोंदणीही त्यांच्या खासगी ईमेलवर होती. त्यांनी खोडी काढली नाही, हे कंपनीचे नशीब.

पद, नोकरी आणि शेअर

विक्रीप्रमुखांचे कंपनीशी तीन वेगळे संबंध होते: संचालक, पगारी अधिकारी आणि भागधारक. तिन्हींचे कायदे निराळे, आणि एक तुटला म्हणून दुसरा तुटत नाही.

संचालकपद भागधारक साध्या बहुमताने काढू शकतात (कंपनी कायदा २०१३, कलम १६९). मंडळ काढू शकत नाही. तिघांपैकी दोन संचालकांनी मंडळाच्या बैठकीत केलेला ठराव इथे कुचकामी असतो, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. नोकरी नियुक्तिपत्राप्रमाणे संपते. इथे साठ दिवसांची नोटीस होती. शेअर मात्र मालमत्ता आहेत. करार नसेल तर ते कोणी काढून घेऊ शकत नाही, आणि करार असला तरी तो कंपनीवर बांधील आहे का हा पुढचा प्रश्न. ‘व्ही. बी. रंगराज’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले की शेअर हस्तांतरावरचे जे बंधन आर्टिकल्समध्ये नाही, ते कंपनीवर बंधनकारक नाही. म्हणजे विक्रीप्रमुखांनी शेअर द्यायला नकार दिला असता, तर कंपनीच्या रजिस्टरमध्ये नाव बदलता आले नसते. सह-संस्थापकांना करारभंगाचा दावा लवादापुढे न्यावा लागला असता.

तोलून पाहिलेले पर्याय

पहिला पर्याय, भूमिका बदलून नाशिकपुरते काम देणे. पगार तोच राहणार आणि मंडळावरची धुसफूस संपणार नाही, म्हणून सोडला.

दुसरा, स्वस्तात राइट्स इश्यू (आहे त्या भागधारकांना नवे शेअर देऊ करणे) काढून विक्रीप्रमुखांचा हिस्सा पातळ करणे. हा सल्ला एका हितचिंतकाने दिला होता आणि तो सर्वांत धोक्याचा. नियंत्रण मिळवण्यासाठी केलेले शेअरवाटप सर्वोच्च न्यायालयाने ‘डेल अँड कॅरिंग्टन’ प्रकरणात रद्दबातल ठरवले आहे. अशा इश्यूनंतर समोरचा माणूस कलम २४१ खाली अन्यायाची तक्रार घेऊन एनसीएलटीत (कंपनी कायदा न्यायाधिकरण) गेला, तर कंपनीला सांगायला फारसे काही उरत नाही.

तिसरा, कंपनीनेच शेअर परत घेणे. बायबॅकला शेअर प्रीमियम खात्यातली (दर्शनी किमतीवर मिळालेली जादा) रक्कम वापरता येते, पण बँकेत उरलेले पैसे पुढच्या पगारांचे होते. आणि बायबॅकची ऑफर सगळ्या भागधारकांना प्रमाणात द्यावी लागते, एकालाच निवडून नाही. निवडक भांडवल-कपात करायची तर कलम ६६ खाली पुन्हा एनसीएलटी.

चौथा, कलम १६९ ची पूर्ण प्रक्रिया. पाचवा, बोलणी करून राजीनामा आणि शेअरचा सौदा.

वकिलांनी शेवटचे दोन एकत्र चालवायला सांगितले: प्रक्रिया सुरू करायची, तिच्या तारखा पक्क्या, आणि त्या मुदतीत बोलणी. हा निर्णय योग्य होता असे आमचे मत आहे, पण एका अटीवर: प्रक्रियेत एकही चूक चालत नाही. चुकीची नोटीस म्हणजे समोरच्याच्या हातात दिलेले हत्यार.

इथेच आणखी एक प्रश्न सोडवावा लागला. सीईओंना ‘जाणूनबुजून हयगय’ लावून सगळे २२,००० शेअर दर्शनी किमतीला परत हवे होते. त्यासाठी आता तीस दिवसांची नोटीस देता आली असती. वकिलांनी ते टाळले. कामगिरी वाईट असणे आणि ती जाणूनबुजून असणे यात मोठे अंतर आहे, आणि ते सिद्ध करायला एकही जुना कागद नव्हता. तेव्हा ३३ महिन्यांचे व्हेस्टिंग मान्य केले गेले: २२,००० पैकी १५,१२५ शेअर पक्के, ६,८७५ परत येण्याजोगे.

घटनाक्रम

आधी चूक दुरुस्त केली. ईमेल पुन्हा चालू करून ‘ग्रुपवरचा संदेश कायदेशीर अर्थाने लागू नाही’ असे लेखी कळवले. सीईओंना हे कमीपणाचे वाटले, पण त्याशिवाय पुढचे पाऊल टाकता येत नव्हते.

दिवस ०: सीईओंनी भागधारक म्हणून कंपनीला संचालक काढण्याच्या ठरावाची विशेष सूचना दिली. त्यासाठी एक टक्का मताधिकार पुरतो. सूचना सभेच्या किमान १४ दिवस आधी हवी, पण तीन महिन्यांपेक्षा जुनी चालत नाही. तिची प्रत त्याच दिवशी विक्रीप्रमुखांना गेली. त्याच दिवशी मंडळाच्या बैठकीची नोटीस तिन्ही संचालकांना, विक्रीप्रमुखांनाही. त्यांना वगळले असते तर बैठकच सदोष ठरली असती.

दिवस ९: मंडळाची बैठक. सात दिवसांची नोटीस पुरेशी असते, दोन दिवस मुद्दाम जास्त ठेवले. गणपूर्तीला दोन संचालक लागतात. ठराव एवढाच की ईजीएम (भागधारकांची विशेष सभा) बोलवावी.

दिवस १०: सातही भागधारकांना नोटीस, ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हींनी, सोबत स्पष्टीकरणात्मक निवेदन. ईजीएमला २१ पूर्ण दिवस लागतात, पाठवल्याचा आणि सभेचा दिवस सोडून. टपालाने पाठवलेली नोटीस ४८ तासांनी मिळाली असे धरतात. म्हणून सभा चौतिसाव्या दिवसाआधी होऊच शकत नव्हती; ठेवली पस्तिसाव्याला. ‘एकवीस दिवस’ म्हणून एकतिसाव्या दिवशी सभा ठेवणाऱ्या कंपन्या नेमक्या इथे अडकतात.

(मंडळात बहुमत विक्रीप्रमुखांच्या बाजूने असते तर? कलम १०० खाली एक-दशांश मताधिकाराचे भागधारक सभेची मागणी करतात, मंडळाला २१ दिवसांत ती बोलवावी लागते आणि ४५ दिवसांच्या आत घ्यावी लागते. नाहीतर मागणी करणारेच ती बोलवतात.)

दिवस २०: विक्रीप्रमुखांचे सहा पानांचे लेखी म्हणणे आले. सीईओंना ते भागधारकांकडे पाठवायचे नव्हते. कायदा तसे करू देत नाही: वेळ असेल तर पाठवायचेच, नसेल तर सभेत वाचायचे. ते पाठवले गेले, आणि प्रकरणाला वळण मिळाले.

त्यातला मुख्य मुद्दा खरा होता. चिपच्या टंचाईमुळे सेन्सर नोव्हेंबरऐवजी मार्चमध्ये आले होते. निर्यातीच्या द्राक्षांचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. ऐन हंगामात, रोज कंटेनर भरले जात असताना, कोणताही पॅकहाऊसवाला नवी यंत्रणा बसवू देत नाही. लक्ष्य साठचे ठेवले तेव्हा माल वेळेवर येईल असे गृहीत धरले होते; माल आला नाही, लक्ष्य मात्र तसेच राहिले. वसुली आणि तोंडी सवलती यांना यातून उत्तर मिळत नव्हते, पण ‘हा माणूस काहीच करत नव्हता’ हे चित्र मात्र टिकले नाही. ‘हयगय’ लावली असती तर याच सहा पानांवर ती कोसळली असती.

कलम १६९ च्या ठरावाला कारण सिद्ध करावे लागत नाही. पण गुंतवणूकदार कारण वाचतात. दोघांनी फोन करून सांगितले की दोन्ही बाजूंनी बसा.

मतांचे गणित सीएसनी तेव्हाच मांडून ठेवले होते. हात वर करून मतदान झाले असते तर डोकी मोजली गेली असती, शेअर नाहीत. चारपैकी दोन एंजल परदेशात, दोन विक्रीप्रमुखांच्या ओळखीचे. म्हणजे ठरावाच्या बाजूने दोन, विरोधात तीन, आणि ६८ टक्के शेअर असूनही पराभव! म्हणून शेअरनुसार मतदान मागण्याचे पत्र आणि मतपत्रिका आधीच छापून तयार होत्या.

दिवस २३ ते ३३: बोलणी एका एंजल गुंतवणूकदाराच्या मध्यस्थीने. पहिले चार दिवस किमतीवर गेले. सीईओ १० रुपये म्हणत होते, विक्रीप्रमुख १,५००. परत येणाऱ्या ६,८७५ शेअरचा करारातला दर १० रुपयेच होता, पण सीएंनी तिथे थांबवले. आयकराच्या नियम ११यूए प्रमाणे निव्वळ मालमत्तेवर शेअरचे मूल्य ४२ रुपये निघत होते. त्याहून कमी दराने घेतले तर घेणाऱ्याच्या हाती आलेला फरक ५०,००० रुपयांच्या वर जाताच आयकराच्या कलम ५६(२)(एक्स) खाली त्याचे उत्पन्न ठरतो. विकणाऱ्यालाही कलम ५०सीए खाली ४२ रुपये मिळाले असे धरून कर लागतो. (ही कलमे १९६१ च्या कायद्यातली, १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा आयकर कायदा लागू झाल्याने क्रमांक बदलतात.) म्हणून व्यवहार ४२ रुपयांनीच झाला: २,८८,७५० रुपये, सीईओंना ३,४३८ शेअर, सीटीओंना ३,४३७.

पक्क्या १५,१२५ पैकी ५,१२५ शेअर मध्यस्थी करणाऱ्या एंजलने ६०० रुपयांनी घेतले: ३०,७५,००० रुपये. दहा हजार शेअर विक्रीप्रमुखांकडेच राहिले. नोटिशीच्या काळाचा पगार आणि त्यावर एक महिन्याचा, असे साडेचार लाख वेगळे.

सीईओंचा इथला एक हट्ट मुद्दाम नोंदवतो. त्यांना विक्रीप्रमुखांचा हिस्सा १० टक्क्यांच्या खाली हवा होता, म्हणजे एनसीएलटीत जाण्याचा हक्क जाईल. कलम २४४ मध्ये १० टक्के शेअर ही एकच पात्रता नाही. एकूण सभासदांचा एक-दशांश ही दुसरी आहे. सात सभासदांच्या कंपनीत एक-दशांश म्हणजे एकापेक्षा कमी, तेव्हा एक शेअर असलेला माणूसही अर्ज करू शकतो. हा हट्ट सोडल्यावर बोलणी दोन दिवसांत संपली.

दिवस ३४: कागद गोळा करताना कळले की शेअर प्रमाणपत्रे कधी छापलीच नव्हती. कायद्याने ती नोंदणीनंतर दोन महिन्यांत द्यायची असतात. प्रमाणपत्राशिवाय एसएच-४ या शेअर-हस्तांतराच्या फॉर्मवर हस्तांतर नोंदवायचे कसे? तेव्हा रात्री प्रमाणपत्रे छापून सह्या झाल्या. एसएच-४ वर मुद्रांक किमतीच्या ०.०१५ टक्के, दोन्ही व्यवहार मिळून पाचशे रुपयांच्या जवळपास. राजीनामा, एसएच-४, प्रमाणपत्रे आणि समझोता करार वकिलांकडे ठेवले. पैसे खात्यात दिसल्यावरच सोडायचे.

दिवस ३५: सकाळी पैसे जमा, कंपनीला राजीनामा मिळाला. अकरा वाजता सभा भरली, प्रस्तावकाने ठराव मांडलाच नाही, तसे इतिवृत्तात नोंदले. सभा आदल्या दिवशी रद्द केली नाही, कारण पैसे किंवा सही अडली असती तर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागली असती.

निकाल

राजीनाम्याचा डीआयआर-१२ तीस दिवसांच्या मुदतीत गेला. विक्रीप्रमुखांच्या संमतीने कमी मुदतीची दुसरी ईजीएम घेऊन (त्यासाठी ९५ टक्के भांडवलाची संमती लागते) आर्टिकल्समध्ये व्हेस्टिंग, हस्तांतराची बंधने आणि विक्रीच्या वेळी सर्वांनी सोबत विकण्याचे कलम घातले. ही संमती पैसे सोडण्याआधी घेतली होती. नंतर मिळाली असती याची खात्री नव्हती.

सर्वांत जास्त वेळ बँकेने घेतला. २५ लाखांच्या ओव्हरड्राफ्टला तिघांची वैयक्तिक हमी होती, आणि संचालकपद सुटले म्हणून हमी सुटत नाही. बँकेने बदली हमीदार मागितला, एंजल तयार झाले नाहीत. अखेर मर्यादा १५ लाखांवर आणून १० लाखांची ठेव तारण ठेवली, तेव्हा सुटकेचे पत्र मिळाले. तोपर्यंत कंपनी आणि दोन संस्थापकांनी विक्रीप्रमुखांना नुकसानभरपाईची लेखी हमी दिली होती.

विक्रीप्रमुख शीतसाखळीच्या उपकरणांच्या एका वितरकाकडे रुजू झाले. त्यावर आक्षेप घेता आला नाही. नोकरी सुटल्यानंतरची स्पर्धाबंदी करार कायद्याच्या कलम २७ खाली निरर्थक असते. गोपनीयतेचे कलम टिकते. शेअरच्या ३०.७५ लाखांतून २० टक्के दीर्घकालीन भांडवली नफा कर आणि उपकर जाऊन त्यांच्या हाती साधारण साडेचोवीस लाख आले. त्यांनी बोलणीत हा आकडा धरलाच नव्हता. (२३ जुलै २०२४ पासून हा दर इंडेक्सेशनशिवाय (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून न धरता) १२.५ टक्के आहे.)

वेगळे काय करता आले असते

एंजलचे पैसे आले त्याच दिवशी आर्टिकल्स बदलायला हवे होते. एक विशेष ठराव आणि तो आरओसीकडे नोंदवण्याचा एक एमजीटी-१४ फॉर्म, एवढेच काम. पक्के न झालेले शेअर तेव्हाच वकिलांकडे ठेवून मुखत्यारपत्र घेतले असते, तर दिवस २३ नंतरची निम्मी बोलणी लागलीच नसती.

सेन्सर उशिरा येणार हे कळताच लक्ष्य बदलून मंडळात नोंदवायला हवे होते. मग वसुली आणि सवलतींचा मुद्दा स्वच्छ वेगळा उभा राहिला असता, आणि लेखी नोटिशीलाही वजन आले असते.

डोमेन, जीएसटी सही, पीएफ पोर्टल, बँकेतल्या सह्या, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा नंबर: ही यादी नोटिशीच्या आधी करून एकेक गोष्ट कंपनीच्या नावावर आणायची असते. नंतर प्रत्येक ओटीपीसाठी समोरच्याला विनंती करावी लागते.

दोनच संस्थापक निम्मे-निम्मे मालक असतील तर यातला बराचसा भाग लागू होत नाही. साधे बहुमत कोणाकडेच नसते, आणि प्रायव्हेट कंपनीला किमान दोन संचालक लागतातच. तिथे सुटकेचे सूत्र आधीच करारात लिहिलेले असावे लागते.

शिवाय सौद्यानंतरचा भागधारणेचा तक्ता सह्या करण्याआधी मांडायला हवा होता. तो नंतर मांडला: सीईओ ४१,४३८, सीटीओ ३३,४३७, मिळून ७४,८७५. विशेष ठरावाला तीन-चतुर्थांश मते लागतात, म्हणजे सगळ्यांनी मत दिले तर ७५,०००. दोघे १२५ शेअरनी कमी पडतात. ५,१२५ शेअर घेणाऱ्या एंजलच्या सीएंनी हे गणित आधीच केले होते.